दोन बिस्किटी रंग

नमस्कार श्रोतेहो.

आईच्या खोलीला रंग द्यायचा होता. शेड कार्डावरच्या दोन छटांपाशी आमचं घोडं अडलं. दोन्ही बिस्किटीच. दुकानात शेजारी शेजारी धरल्या तरी फरक सांगता येईना. रंगारी काका म्हणाले, "ताई, कार्ड राहू द्या. आधी फरशी बघा."

खोलीत जुनी कोटा फरशी, हिरवट. काकांनी दोन्ही छटा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवल्या आणि काय सांगू, एकीत गुलाबी झाक उठून दिसली, दुसरीत पिवळी! मग तीच कार्डं फरशीवर ठेवली, तर गुलाबी आणखीच गुलाबी झाली. शेजारचा रंग आपल्या नजरेला असा ओढतो. पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा शेव्रल या रसायनतज्ज्ञाला तो दोष काळ्या रंगात नव्हे, तर शेजारच्या रंगांत सापडला. 1839 साली त्याने हा नियम सविस्तर मांडला.

म्हणून, श्रोतेहो, रंगाचा छोटा डबा आणा. दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावर जाऊ नका, इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, वाळल्यावर बहुधा थोडं गडद होतं. थेट भिंतीवर पट्टे ओढले तर जुना रंग मध्ये लुडबुडतो. पुठ्ठा मात्र हलवता येतो: खिडकीजवळ, कपाटामागच्या कोपऱ्यात, पलंगाच्या उशाशी.

आमची खिडकी पश्चिमेची. सकाळी दोन्ही पुठ्ठे जुळ्या भावंडांसारखे दिसत. चारच्या उन्हात गुलाबी झाक इतकी तापली की मला तीच आवडली. पण आई त्या वेळी बाहेर ओट्यावर असते. खोलीत ती येते दिवेलागणीनंतर, आणि तिथे 6500 केल्विनची, म्हणजे निळसर झाकेची, पांढरीशुभ्र ट्यूब. त्या उजेडात गुलाबी पुठ्ठा पार मातकट झाला. माझ्या मते रंग निवडायची खरी वेळ हीच: ज्याची खोली, तो तिथे असतो तेव्हाची.

आईने दोन्ही पुठ्ठे पलंगामागे उभे केले, चादर नीट केली आणि पिवळसर पुठ्ठ्यावर हात ठेवला. "हा घे. याच्यापुढे माझी चादर पांढरी दिसते."

डब्यावरचा शेड नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलाय.