मोन्तेपुल्चानो: वाड्यांची वाईन, कुळांचं ताट

[दृश्य: वेशीचा दगडी दरवाजा, सकाळची वर्दळ]

टस्कनीच्या दक्षिणेला, सिएना जिल्ह्यात, दोन खोऱ्यांच्या मधोमध एक लांबट डोंगरधार आहे. एका अंगाला क्याना नदीचं खोरं, दुसऱ्या अंगाला ओर्चा नदीचं. समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर, या धारेच्या पाठीवर मोन्तेपुल्चानो वसलंय. खाली चहूकडे द्राक्षबागा, वर दगडी वाडे, आणि त्या वाड्यांच्या पोटात वाईनची तळघरं.

गावात शिरायचं ते पोर्ता अल प्रातो या वेशीतून. आत पाऊल टाकलं की समोर एक खांब, खांबावर सिंह. हा सिंह फ्लॉरेन्सचा. हे गाव कुणाचं, यावरून फ्लॉरेन्स आणि सिएना पिढ्यान्‌पिढ्या भांडत होते. १५११ साली गाव कायमचं फ्लॉरेन्सकडे गेलं, खांबावरची सिएनाची लांडगीण उतरली आणि तिच्या जागी सिंह बसला. आज दिसतो तो सिंह नक्कल आहे. अस्सल सिंह गावच्या संग्रहालयात ठेवलाय.

इथून मुख्य रस्ता, म्हणजे कोर्सो, वर चढायला लागतो तो थेट माथ्यावरच्या चौकापर्यंत. किलोमीटरहून जास्त अंतर, आणि जवळजवळ सगळा चढ. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी याच रस्त्यावर शर्यत होते: ब्राव्हीओ देल्ले बोत्ती. गावातले आठ मोहल्ले, प्रत्येकाचे दोन गडी, आणि प्रत्येक जोडीपुढे सुमारे ८० किलोचं लाकडी पिंप. ते रिकामं पिंप दगडी फरसबंदीवरून ढकलत वर न्यायचं. चौदाव्या शतकात इथे घोड्यांची शर्यत होत असे. पिंपांची शर्यत १९७४ पासूनची. त्या दिवशी दोन्ही बाजूंच्या खिडक्या मोहल्ल्यांच्या निशाणांनी भरून जातात, आणि आपल्या गड्यांच्या नावानं ओरडणारी म्हातारी माणसं पाहिली की कळतं, हा कार्यक्रम पर्यटकांसाठी मांडलेला नाही.

[दृश्य: भिंतीचा खालचा भाग, अगदी जवळून]

थोडं वर गेल्यावर डाव्या-उजव्या बाजूचे वाडे बघताना एका भिंतीपाशी थांबा. हा बुचेल्ली घराण्याचा वाडा. अठराव्या शतकातल्या त्याच्या मालकाला जुन्या वस्तू गोळा करायचा नाद होता, आणि त्यानं आपला संग्रह सरळ भिंतीच्या पायथ्यात चिणून टाकला. बोट फिरवता येईल इतक्या जवळ, रस्त्यावरच, एट्रुस्कन लोकांच्या अस्थिपात्रांचे दगड बसवलेत. कुठे घोडेस्वार कोरलाय, कुठे नुसता चेहरा. काही दगडांवर उजवीकडून डावीकडे जाणारी एट्रुस्कन अक्षरं आहेत, शेजारी लॅटिन शिलालेखांचे तुकडे. रोमच्याही आधीपासून या टेकड्यांवर वस्ती होती, याचा पुरावा असा उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या गुडघ्याच्या उंचीवर आहे. इतकं जुनं काही एरवी काचेआड असतं. इथे त्याला ऊन लागतं, पाऊस लागतो, आणि शेजारी सायकल टेकवलेली असते.

पुढे सांत आगोस्तीनो हे चर्च. त्याचा दर्शनी भाग मिकेलोत्सो या वास्तुकारानं घडवला. समोरच्या मनोऱ्यावर पांढऱ्या झग्यातला पुल्चिनेल्ला उभा आहे, नेपल्सच्या लोकनाट्यातला विदूषक. तासाचे टोल तो देतो.

[दृश्य: वाड्याचं दार, उतरत्या पायऱ्या, पिंपांची रांग]

आता खाली उतरायचं. मोन्तेपुल्चानोत रस्त्याच्या कडेला साधी दारं दिसतात, एखादी पाटी, आत दुकानासारखी खोली. त्या खोलीच्या मागे पायऱ्या सुरू होतात आणि वाड्याखाली माणूस दोन-तीन मजले उतरतो. रिच्ची वाड्याखालच्या तळघराच्या कमानी इतक्या उंच आहेत की जमिनीखाली आहोत हे विसरायला होतं. वरच्या चौकातल्या कोन्तुच्ची वाड्यात त्याच घराण्याची माणसं आजही वाईन करतात. तालोसा नावाच्या तळघरात तर एट्रुस्कन थडगंही आहे.

खाली हवा गार आणि दमट. बाहेर ऑगस्टची लाही असो की जानेवारीचं दव, इथला पारा फारसा हलत नाही. वाईन मुरायला नेमकं हेच लागतं. ओकच्या लाकडाची माणसाहून उंच पिंपं ओळीनं मांडलेली असतात. लाकडातून अगदी थोडी हवा आत झिरपते आणि वाईनचा तुरटपणा हळूहळू मवाळ होतो. कायद्यानं व्हीनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो या वाईनला किमान दोन वर्षं मुरवावं लागतं, तिच्या जास्त मुरवलेल्या रिझेर्व्हा या प्रकाराला तीन. द्राक्षांमध्ये किमान ७० टक्के सांजोव्हेजे ही जात हवी, जिला इथले शेतकरी प्रुन्योलो जेन्तीले म्हणतात. १९६६ साली या वाईनच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि १९८० मध्ये इटलीनं सर्वांत वरचा दर्जा दिलेल्या पहिल्यावहिल्या वाईन्समध्ये ती होती. तिची ख्याती मात्र फार जुनी. फ्रान्चेस्को रेदी या टस्कन वैद्य-कवीनं १६८५ च्या आपल्या काव्यात तिला सगळ्या वाईन्सचा राजा ठरवलं होतं.

खरेदी करताना एक घोळ टाळा. मोन्तेपुल्चानो नावाची एक द्राक्षाची जातही आहे, ती पूर्वेकडच्या आब्रुत्सो प्रांतातली. तिच्या वाईनचा या गावाशी काही संबंध नाही.

घोट घेतलात तर आधी आंबट चेरीची चव येते, मग जिभेच्या कडेनं तुरटपणा पसरतो. नुसती प्यायला ही वाईन जराशी कडकच वाटते. तिला सोबत जेवण लागतं. आणि जेवणाकडे वळलो की या गावाची दुसरी बाजू दिसायला लागते. वाड्यांच्या दारांवर घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. बागा ज्यांनी राखल्या त्यांची नावं कुठेच नाहीत.

[दृश्य: बागांमधलं एकटं दगडी घर]

टस्कनीत शतकानुशतकं जमीन अर्धेलीनं कसली जायची. जमीन, घर मालकाचं. राबणं कुळाच्या अख्ख्या कुटुंबाचं. आणि पिकाची निम्मी वाटणी. या पद्धतीला इथे मेझ्झाद्रिया म्हणतात. द्राक्षाच्या आजच्यासारख्या सरळ रांगा तेव्हा नव्हत्या. वेल झाडांवर चढवलेले असत आणि दोन ओळींमध्ये गहू पेरलेला असे, कारण कुटुंबाला आधी भाकरीची सोय बघावी लागायची. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पोरं कारखान्यांकडे निघाली, घरं ओस पडली. १९६४ साली कायद्यानं नव्या अर्धेलीच्या करारांवर बंदी आली. त्यानंतर दोनच वर्षांत वाईनच्या नावाला संरक्षण मिळालं, आणि जुन्या मिश्र शेतांच्या जागी निव्वळ द्राक्षबागा उभ्या राहत गेल्या. आज टेकड्यांवर जी देखणी दगडी घरं पर्यटकांना मुक्कामाला मिळतात, त्यातली कितीतरी याच कुळांची होती. एखाद्या घरात तळमजल्यावर उतरलात तर लक्षात ठेवा, तिथे बहुधा गोठा होता. माणसं वरच्या मजल्यावर राहायची, खालच्या गुरांची ऊब वर यायची.

[दृश्य: लाकडी पाट, हात, पिठाचा गोळा]

त्या घरांतला स्वयंपाक आजही गावातल्या खानावळींत मिळतो, आणि मला विचाराल तर मोन्तेपुल्चानोला यायचं तेवढंच कारण पुरेसं आहे. सगळ्यात आधी मागवा पीची, म्हणजे हातानं वळलेला जाड पास्ता. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ, थोडं ऑलिव्ह तेल. अंडं फार तर नावापुरतं, बऱ्याचदा तेही नाही. अंडी बाजारात विकायची असायची. पीठ मळून थोडा वेळ झाकून ठेवतात, मग जाडसर लाटून पट्ट्या कापतात. एक पट्टी घ्यायची, एका हातानं टोक हलकं ओढायचं आणि दुसऱ्या तळव्याखाली ती पाटावर पुढे-मागे वळत न्यायची. हातावरच्या शेवया करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना ही हालचाल बघताक्षणी ओळखू येईल, फक्त पीची पेन्सिलीएवढी जाड राहते आणि वाळवत नाहीत. हाताची असल्यानं प्रत्येक काडी कुठे जाड, कुठे बारीक असते. दाताखाली तो फरक लागतो, आणि सगळी मजा त्यातच आहे.

पीचीवर टोमॅटो आणि आल्योनेचा रस्सा असतो. आल्योने म्हणजे क्यानाच्या खोऱ्यात होणारा अजस्र लसूण. एक गड्डा पाव किलोच्या पुढे सहज जातो. वास सौम्य, चव गोडसर. पाकळ्या मंद आचेवर तेलात विरघळेपर्यंत शिजवतात, मग टोमॅटो घालतात. हे पीक जवळजवळ संपलं होतं, अलीकडे शेतकऱ्यांनी ते पुन्हा धरलंय. शाकाहारी मंडळींसाठी हा पदार्थ निर्धास्त आहे. दुसरा पर्याय तेलात कुरकुरीत परतलेल्या पावाच्या चुऱ्यातली पीची, पण तिच्यात अँकोव्ही मासा घातलाय का, हे विचारून घ्या. शिळा पाव इथे कुणी टाकून दिला नाही. उन्हाळ्यात तो भिजवून टोमॅटो-कांद्यात कालवला की पान्झानेल्ला, हिवाळ्यात काळ्या कोबीबरोबर आणि घेवड्याबरोबर पुन्हा पुन्हा उकळला की रिबोल्लीता. टस्कनीचा पाव अळणी असतो. पहिला घास फिका लागेल, पण शेजारी खारवलेलं मांस किंवा मुरलेलं चीज आलं की त्याचं गणित जुळतं.

चीज म्हणजे पेकोरीनो, मेंढीच्या दुधाचं. ते शेजारच्या पिएन्त्सा गावच्या नावानं प्रसिद्ध आहे. कुळं शेतं सोडून गेली तेव्हा त्या ओस जमिनींवर सार्दिनिया बेटावरून धनगर आले, कळप घेऊन. आज ताटात येणाऱ्या पेकोरीनोमागे त्या धनगरांच्या कुटुंबांचाही हात आहे. ताजं चीज मऊ आणि दुधाळ, मुरलेलं चुरचुरीत आणि तिखटसर. ते बनवताना दूध घट्ट करायला बहुतेक ठिकाणी प्राण्यांपासून मिळणारं रेनेट वापरतात, कडक शाकाहारी असाल तर आधीच चौकशी करा.

मांसाहार करणाऱ्यांसाठी बडीशेप घातलेली सलामी आहे, फिनोक्क्योना. आणि क्यानीना जातीच्या गोमांसाची जाडजूड बिस्टेक्का, जी निखाऱ्यावर भाजून आतून लालच ठेवतात आणि वजनावर विकतात. भाव किलोचा असतो, तेव्हा तुकडा तोलून दाखवला की आकडा विचारा. क्यानीना ही पांढरी, धिप्पाड जात एके काळी या खोऱ्यात नांगर ओढायची. कुळाच्या घरात ते बैल म्हणजे दौलत. त्यांचं मांस त्याच्या पानात क्वचितच पडलं असेल.

[दृश्य: माथ्यावरचा चौक, मग मनोऱ्यावरून खोरं]

जेवून चढायचं ते पियात्सा ग्रान्देला. नगरपालिकेची इमारत फ्लॉरेन्सच्या पालात्सो व्हेक्क्यो या नगरभवनाची आठवण देते, आणि तो योगायोग नाही, पंधराव्या शतकात मिकेलोत्सोनं तिचा दर्शनी भाग तसाच बेतला. शेजारी विहीर, वर ग्रिफिन (गरुडाच्या तोंडाचा काल्पनिक प्राणी) आणि सिंह, १५२० सालची. समोर कॅथेड्रल, ज्याच्या दर्शनी भिंतीवर संगमरवर कधी चढलाच नाही. नुसत्या विटा-दगडांचं ते अंग बघून पुष्कळ जण बाहेरूनच परततात. तसं करू नका. आत मुख्य वेदीवर ताद्देओ दि बार्तोलोनं १४०१ साली केलेलं मेरीच्या स्वर्गारोहणाचं भलंमोठं तीन भागांचं चित्र आहे, आणि त्यातलं सोनं अजूनही झळकतं.

नगरपालिकेच्या मनोऱ्यावर चढता येतं. पूर्वेला दिसणारं क्यानाचं खोरं आज गव्हानं भरलेलं आहे, पण शतकानुशतकं ती दलदल होती, हिवतापाचं घर. लिओनार्दो दा विंचीनं तिचा नकाशा काढला होता. पाणी पूर्ण हटवायला एकोणिसावं शतक उजाडलं. गावं डोंगरावर का वसली, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं. उरलेलं निम्मं शत्रूंच्या भीतीत आहे.

[दृश्य: सान ब्याजो, पिवळसर दगड]

गावाबाहेर, पश्चिमेच्या उतारावर सान ब्याजोचं मंदिर आहे. चालत खाली जा, रस्ता सुरूच्या झाडांमधून उतरतो. थोरल्या आन्तोनियो दा सांगाल्लोनं १५१८ साली त्याचं काम सुरू केलं. चारी भुजा सारख्या लांबीच्या, मधोमध घुमट, सगळं ट्रॅव्हर्टिन दगडात. दोन घंटाघरं व्हायची होती. एक पुरं झालं, दुसरं पायथ्याशीच थांबलं. तरीही तोल बिघडलेला वाटत नाही. मी इटलीतली याहून मोठी, याहून श्रीमंत चर्चेस पाहिली आहेत, पण इतकी नेटकी वास्तू फार थोडी.

आपल्याकडच्या बहुतेक सहली रोम, पिसा, फ्लॉरेन्स करून पुढे सरकतात. त्यातून एक रात्र काढता आली तर इथे काढा. रोम-फ्लॉरेन्स मार्गावरच्या क्युसी स्टेशनवर उतरायचं आणि बस धरायची. रविवारी बस फार कमी असतात. गाडी घेतलीत तर ती वेशीबाहेरच्या वाहनतळावर सोडा, जुन्या गावात परवान्याशिवाय गाडी नेली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड घरपोच येतो. आईवडील सोबत असतील तर माथ्यापर्यंत जाणारी छोटी बस आहे. वर पोचून उतरत उतरत गाव बघणं गुडघ्यांना सोसतं.

तळघरात चव घेताना घोट थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं. ते बिनदिक्कत वापरा, तिथे ते वावगं समजत नाहीत. सांजोव्हेजेची गोडी लागलीच तर घरी परतल्यावरही ती भागवता येईल: सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या बागांमध्ये हीच द्राक्षं लावलेली आहेत, आणि ती लावण्यात टस्कनीतल्या माणसांचा हात होता.