तुगेंडहाट घर : एका दालनाचे अनेक वापर

मित्रहो, घराच्या रूपांतराविषयी बोलताना आपण सहसा पाडलेल्या आणि नव्याने उभारलेल्या भिंतींचा हिशेब मांडतो. आज मी ज्या घराविषयी बोलणार आहे, तेथे पाडण्याजोग्या भिंतीच फारशा नव्हत्या, आणि त्याचे पुढचे सारे आयुष्य यावरच ठरले असे मला वाटते. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात, एका टेकडीच्या उतारावर, वास्तुरचनाकार लुडविग मीस व्हॅन डेर रोहे यांनी लिली राइख यांच्या सहकार्याने हे घर उभे केले आणि १९३० साली ग्रेटे व फ्रिट्झ तुगेंडहाट हे दांपत्य मुलांसह तेथे राहायला आले.

रस्त्यावरून हे घर बैठे वाटते, कारण त्या पातळीवर मुख्यतः निजण्याच्या खोल्या आहेत. मुख्य दालन त्याखालच्या मजल्यावर, बागेच्या बाजूला उलगडते. छताचा भार पोलादी खांबांनी पेलल्यामुळे भिंती ओझ्यातून मोकळ्या झाल्या. त्या उभ्या दालनात दोनच पडदे उरले : मोरोक्कोहून आणलेल्या ऑनिक्स दगडाची सरळ भिंत आणि जेवणाच्या जागेला कवेत घेणारी, मकासर आबनुसाच्या लाकडाची अर्धवर्तुळाकार भिंत. बागेकडची दोन प्रचंड तावदाने तर विजेच्या मोटारीने थेट जमिनीत उतरत. १९३१ मध्ये एका जर्मन नियतकालिकाने या घरात राहता तरी येते का, असा प्रश्न विचारला, तेव्हा तुगेंडहाट पतिपत्नींनी स्वतः लेखी उत्तर देऊन घराची बाजू घेतली.

त्यांना मात्र तेथे जेमतेम आठ वर्षे मिळाली. कुटुंब ज्यू होते. १९३८ मध्ये त्यांनी देश सोडला आणि पुढच्या वर्षी गेस्टापोने, म्हणजे नाझी जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी, घर बळकावले. युद्धाच्या अखेरीस सोव्हिएत सैनिकांनी तेथे घोडे बांधले. मग १९५० पर्यंत नृत्यशाळा चालली, आणि त्यानंतर सुमारे तीन दशके पाठीच्या कण्याचे विकार असलेली मुले याच दालनात व्यायाम करत होती. हा काळ घराच्या अवनतीचा म्हणून सांगितला जातो, ते मला पटत नाही. एका संपन्न कुटुंबासाठी योजलेला प्रकाश, मोकळी फरशी आणि बागेचे दर्शन यांची खरी गरज त्या मुलांना होती, आणि खोल्या-खोल्यांत चिरलेल्या घरात ते त्यांना मिळाले नसते.

१९९२ च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनाची बोलणीही येथेच झाली. १९९४ पासून घर वस्तुसंग्रहालय आहे आणि २००१ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आले. २०१० ते २०१२ या काळातील जीर्णोद्धाराने त्याला १९३० च्या रूपात परत नेले. माझ्या मते हेही एक रूपांतरच आहे, कारण त्यात राहणे थांबले आणि पाहणे सुरू झाले. व्यायामशाळेची खूण दालनात राखली असती, तर मला अधिक आवडले असते.

आबनुसाच्या भिंतीबाबत मात्र माझी तक्रार नाही. युद्धकाळात ती नाहीशी झाली होती. तिचे लाकूड ब्रनोमधील विद्यापीठाच्या एका इमारतीत, उपाहारगृहाच्या भिंतींवर जडवलेले सापडले. ती इमारत एकेकाळी गेस्टापोचे मुख्यालय होती. तेथून काढलेल्या त्या फळ्या आज जेवणाच्या मेजाभोवती पुन्हा त्याच वळणावर बसल्या आहेत.