फुकट, पण ठरावीकच

नमस्कार, श्रोतेहो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने प्रत्येक संकेतस्थळाला सारखीच वागणूक द्यावी, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. आपल्या देशात त्याची कसोटी लागली ती एका फुकटच्या योजनेपायी.

फेब्रुवारी २०१५मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने इंटरनेट डॉट ऑर्ग भारतात आणलं. पुढे त्याचंच नाव फ्री बेसिक्स झालं. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता, भाषांमध्ये मराठीही होती. डेटा पॅक नसला तरी तीसेक संकेतस्थळं मोबाइलवर उघडायची, आणि त्यांत विकिपीडियाही होता. गरिबाघरच्या मुलाला ज्ञानकोश फुकट मिळतोय, मग विरोध कशासाठी, असं तेव्हा अनेकांनी कळकळीनं विचारलं. प्रश्न रास्तच होता.

पण त्या मुलाची वाट कुठवर जायची, ते पाहा. विकिपीडियावरचा लेख वाचला, खाली दिलेला मूळ संदर्भ उघडायला गेला, की तिथून पुढे पैसे. शंका तर नेमकी तिथेच फिटते! नंतर अटी पाळणाऱ्या कुणालाही या योजनेत यायची मुभा मिळाली. अटी मात्र फेसबुकच्याच. व्हिडिओ नको, मोठी छायाचित्रं नकोत. उद्या वाईच्या विश्वकोश मंडळाला आपल्या नोंदी तिथे द्यायच्या असत्या, तर त्या कशा दिसाव्यात हे अमेरिकेतल्या कंपनीने ठरवलं असतं. मला हे तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार क्षेत्राच्या नियामक प्राधिकरणाने, नियम केला: मजकूर पाहून डेटाचा दर कमी-जास्त करता येणार नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. सवलत फक्त आणीबाणीच्या सेवांना. काही दिवसांतच फेसबुकने योजना गुंडाळली. हा नियम चांगल्या हेतूच्या मोफत ज्ञानकोशालाही लागू होतो. ते मनाला लागतं, तरी बरोबर आहे. हेतू तपासून दर ठरवायचे, तर तपासणार कोण?

गरिबाच्या डेटाचा प्रश्न मात्र त्यानं सुटला नाही. डिसेंबर २०१६मध्ये ट्रायनेच एक मार्ग सुचवला होता. ग्रामीण ग्राहकाला महिन्याला १०० एमबी डेटा मोफत द्यावा, खर्च दूरसंचारच्या सार्वत्रिक सेवा निधीतून करावा. त्या डेटावर काय वाचायचं, ते वाचणाऱ्यानेच ठरवायचं. आता १०० एमबी पुरणार नाहीत. आकडा वाढवून ही शिफारस सरकारनं पुन्हा हाती घ्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.