मोठ्यांचा वर्ग

श्रोतेहो, नमस्कार.

चर्चमधलं धर्मशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुलंच येतात. रविवारची मिस्सा सुटली की वह्या काढून बसलेली, प्रभूची प्रार्थना एका सुरात पाठ म्हणणारी. आज मला बोलायचंय ते त्यांच्या आईबापांच्या वयाच्या विद्यार्थ्यांबद्दल. मुलाला "पाठ कर" म्हटलं की ते करतं. मोठ्या माणसाला तसं सांगून बघा! तो आधी "का?" म्हणून विचारणार.

खरं तर पहिल्या काही शतकांत मुख्य वर्ग मोठ्यांचाच असे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक बाई पश्चिम युरोपातून जेरुसलेमच्या यात्रेला गेली. मागे राहिलेल्या भगिनींसाठी तिने जे लिहिलं, त्यातलं बरंचसं आज आपल्याला वाचायला मिळतं. ती सांगते, ईस्टरआधीच्या उपवासकाळात बाप्तिस्मा घेऊ इच्छिणारे स्त्री-पुरुष सकाळी बिशपांभोवती बसत, सोबत त्यांचे धर्मपिता नि धर्ममाता. शिकवणी चाले तीन तास! सुरुवात थेट बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकापासून. बिशप बोलत ग्रीकमध्ये, आणि ज्यांना ग्रीक कळत नसे त्यांच्यासाठी एक धर्मगुरू लगेच सिरियाक या तिथल्या बोलीत सांगे. ईस्टरनंतरच्या दिवसांत संस्कारांचा अर्थ उलगडताना तर लोक अशी दाद देत, की आवाज चर्चबाहेर लांबवर ऐकू जाई.

सगळ्याच शिक्षकांच्या नशिबी अशी दाद नव्हती. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा देओग्राशियास नावाचा एक डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा सेवक, वैतागला होता. तेच ते सांगून आपल्यालाच कंटाळा येतो, मग ऐकणाऱ्यांचं काय होत असेल, ही त्याची चिंता. त्याने तिकडचेच बिशप संत ऑगस्टीन यांच्याकडे सल्ला मागितला आणि इ.स. 400 च्या सुमारास ऑगस्टीनने उत्तरादाखल एक छोटं पुस्तकच लिहिलं. बिशपच्या लेखणीतून आलेलं ते पुस्तक आश्चर्य वाटावं इतकं व्यवहारी आहे. ऐकणारा जांभया द्यायला लागला? विषयाला धरून काहीतरी गमतीचं सांगा. उभा राहून थकला असेल तर त्याला बसायला खुर्ची द्या. आणि स्वतःला कंटाळा आला, तर आपलं गाव पाहुण्याला दाखवताना रोजचे रस्तेही आपल्याला कसे नवे वाटू लागतात, ते आठवा. मास्तरकी करणाऱ्या कुणीही, मग धर्म कुठलाही असो, हे पुस्तक जरूर चाळावं.

पुढे तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा रूढ झाला आणि मोठ्यांचा वर्ग आटत गेला.

आता आपल्या जवळचं उदाहरण. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट संघाचा इंग्रज पाद्री 1579 मध्ये गोव्यात आला आणि तिथल्याच सासष्टी भागात राहिला. त्याचं मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये राचोलला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! या पुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग येतो. रविवारी पाद्री मुलांना धर्मपाठ देत असतात. तिथे एक मोठा माणूस येतो, नव्याने ख्रिस्ती झालेला ब्राह्मण. तो म्हणतो, तुमचा पाठ चांगला आहे, पण आमची पूर्वीची पुराणं वाचायला तुम्ही मनाई केलीत. मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? मला यात मागणीइतकीच तक्रारही ऐकू येते. त्या काळातलं गोव्यातलं धर्मांतर काही सगळं खुशीचं नव्हतं. म्हणून ही तक्रार स्टीफन्सने झाकून न ठेवता ग्रंथाच्या दाराशीच ठेवली, याचं मला कौतुक वाटतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1963 मध्ये प्रौढांची ही जुनी शिकवणी पुन्हा सुरू करायचं ठरवलं आणि 1972 मध्ये तिचा नवा विधी आला. कॅथलिक चर्चमध्ये आज बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्या प्रौढाला टप्प्याटप्प्याने न्यायचं असतं. आधी नुसती चौकशी, मग शिकवणी, उपवासकाळाच्या आरंभी निवड आणि नावनोंदणी, ईस्टरच्या जागरणरात्री बाप्तिस्मा आणि नंतरही काही आठवडे वर्ग. उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी त्यांच्यासाठी वाचतात ती विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट. येशू तिला जिवंत पाणी देऊ करतो. तीही प्रश्नच विचारते: पोहरा नाही, विहीर खोल, मग पाणी आणणार कुठून?

आपल्याकडच्या वर्गांत एक प्रश्न हमखास येतो. कुणीतरी, बहुतेक मागच्या बाकावरून, अडखळत विचारतं, "फादर, माझे आजोबा बाप्तिस्मा न घेताच गेले. त्यांचं काय?" विचारणाऱ्याचा आवाज थोडा चढलेला असतो, कारण उत्तर नकोसं आलं तर उठून जायची त्याची तयारी असते. इथे पाठ केलेलं उत्तर चालत नाही. परिषदेचा 1964 चा दस्तऐवज सांगतो की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण ज्यांनी मनापासून देवाचा शोध घेतला आणि विवेकाला जागून आयुष्य काढलं, त्यांनाही तारण मिळू शकतं. एवढं ऐकून माणूस जरा सैलावतो. आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो, "मग मी तरी बाप्तिस्मा कशाला घेऊ?" त्या दिवशी वर्ग वेळेत सुटत नाही.