रेझ्युमे कुणाकुणाच्या हातून जातो

(दृश्य: बडोदा, कलाभवनचं आवार, सकाळ)

पोरांच्या हाताला हुनर आणि हुनराला काम मिळावं म्हणून सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं. आज तीच महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा. शेवटच्या वर्षाची मुलं सध्या कंपन्यांची वाट बघतायत.

कंपनी येणार असली की ग्रुपवर गूगल फॉर्म येतो. सीजीपीए (सगळ्या सत्रांची सरासरी श्रेणी), बॅकलॉग (राहिलेले विषय), मोबाइल नंबर भरायचा, रेझ्युमेची पीडीएफ जोडायची. साऱ्यांची मिळून एक एक्सेल शीट होते आणि एचआरकडे जाते. पहिली चाळण बहुधा याच शीटवर लागते. सीजीपीएच्या अटीत न बसणाऱ्याची पीडीएफ कुणी उघडतही नाही, मग त्यानं मशीन स्वतःच्या हातांनी बनवलेलं का असेना. हे मला फार लागतं.

अशा मुलांना दुसरी वाट धरावी लागते. ओळखीच्या सीनियरकडून रेफरल, म्हणजे त्याच्या कंपनीत शिफारस, लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम, नाहीतर थेट कंपनीची वेबसाइट. मोठ्या कंपन्यांत तिथं रेझ्युमे माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकान्यांची रंगीत डिझाइनं त्याला नीट उलगडत नाहीत, आणि स्कॅन केलेलं पान म्हणजे बऱ्याचदा नुसतं चित्र. तपासणं सोपं आहे: पीडीएफमधला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथं जो गोंधळ दिसेल, तसाच काहीसा तिकडेही होत असणार. रेझ्युमेसाठी गूगल ड्राइव्हची लिंक देत असाल तर ती दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा. परवानगी मागत बसायला रिक्रूटरला वेळ नसतो.

(दृश्य: दांडिया बाजार, एका मराठी घरातली बैठक)

घरचे मायेनं सांगतात, “वडिलांचं नाव, जन्मतारीख, सगळा पत्ता लिही रे.” त्यांच्या काळी अर्जात हे लागायचंच. आता हीच फाइल किती जणांना फॉरवर्ड होते, याचा पत्ता लागत नाही. मोबाइल, ईमेल, शहर एवढं पुरे. आधार नंबर तर मुळीच नको. “निवड झाली, रजिस्ट्रेशनचे पैसे भरा” असा फोन आला तर भरू नका. भरले गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार करा.

हे सगळं गाळून जी जागा वाचेल, तिथं काम लिहा. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, ट्रेनिंग केलं, एवढ्यानं काय कळणार? कुठल्या मशीनवर बसलात, काय बिघडलं होतं, तुम्ही काय दुरुस्त केलंत, ते लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येऊ द्या.