आधी सोबत, मग ठिकाण

नमस्कार श्रोतेहो.

शनिवार उजाडला की घराघरात एकच प्रश्न निघतो, उद्या कुठे जायचं? मग कुणी मॉल सुचवतं, कुणी लोणावळा, कुणी म्हणतं ट्रॅफिक असेल, आणि शेवटी सगळे घरीच. आज मला ठाण्यातल्या ठाण्यात हिंडण्याबद्दल बोलायचंय, आणि माझं सांगणं एवढंच आहे, की कुठे जायचं हे नंतर ठरवा, कुणाबरोबर जायचं ते आधी ठरवा. आधी सोबत, मग ठिकाण.

ठिकाणांची आपल्याकडे ददात नाही. संध्याकाळची तलावपाळी घ्या. मासुंदा तलावाला एक फेरी मारायची, कोपिनेश्वराचं दर्शन घ्यायचं, पावसाळा असेल तर भाजलेलं कणीस, नसेल तर भेळ. तिथेच गडकरी रंगायतन. 1978 साली ते उघडलं, आणि आजही नाटक सुटल्यावर पायऱ्यांवर लोक घोळक्याने थांबून नाटकाबद्दल बोलतात, घाईने रिक्षा शोधत नाहीत. मला ती अर्ध्या-पाऊण तासाची गर्दी नाटकाइतकीच आवडते. आता विषय निघालाच आहे तर सांगते, तिसऱ्या घंटेनंतर मोबाइलचा टॉर्च लावून खुर्ची शोधणारी माणसं मला अजिबात खपत नाहीत. रंगमंचावर उभ्या असलेल्या नटाच्या डोळ्यांत तो उजेड जातो. नाटकाला वेळेवर जावं, निदान पंधरा मिनिटं आधी.

तर ठिकाणं. सकाळी लवकर उठणाऱ्यांसाठी कचराळी तलाव, उपवन. तिखट सोसणाऱ्यांसाठी मामलेदारची मिसळ, जी तहसीलदार कचेरीच्या आवारातल्या कँटीनमधून सुरू झाली. वाचणाऱ्यांसाठी मराठी ग्रंथ संग्रहालय, 1893 पासूनचं. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडवर तरुण मुलांची झुंबड, गुढीपाडव्याला शोभायात्रा, नवरात्रात टेंभी नाका. हे सगळं तुम्हाला माहीत आहे, मी नवीन काही सांगत नाही. पण माहीत असणं आणि जाणं यात फरक आहे. घोडबंदर रोडला आता अशी संकुलं झालीत, की बाग आत, पोहण्याचा तलाव आत, व्यायामशाळा आत, वाणसामान दारात. गेटच्या आत सगळं मिळतं, त्यामुळे गेटच्या बाहेरचं ठाणं राहून जातं. आणि शेजारच्या दारात कोण राहतं हेही राहून जातं. म्हणून म्हणते, आधी सोबत, मग ठिकाण.

याचा दाखला म्हणून एक गोष्ट सांगते. ही गोष्ट सांगायला मला फार आवडतं, म्हणून जरा सावकाश सांगते.

आमची इमारत पाचपाखाडीतली, जुनी. आमच्या मजल्यावर एक मावशी राहतात. मूळच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी, चेंदणी कोळीवाडा म्हणजे स्टेशनला लागून, रुळांच्या दोन्ही अंगांना वसलेली वस्ती. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, पण कोळीवाडा त्याच्याही आधीचा. मावशी लेकाकडे राहायला आल्या तेव्हा इमारतीतल्या बहुतेकांना त्यांची ओळख एवढीच होती, की कुणी घरी नसलं तर कुरियरचं पार्सल त्या ठेवून घेतात. पाचव्या मजल्यावरचा साताऱ्याचा इंजिनिअर मुलगा तर त्यांना पार्सलवाल्या आजीच म्हणायचा. त्यात त्याचं वाईट काही नव्हतं, त्याला दुसरं काही माहीतच नव्हतं.

एका फेब्रुवारीत इमारतीच्या ग्रुपवर टूम निघाली, ऐरोलीला रोहित बघायला जाऊ. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीला 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, आणि ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन, म्हणजे खारफुटीच्या, कक्षाचं केंद्र आहे, तिथून बोटीने खाडीत नेतात. आमच्या सेक्रेटरींनी लगेच बेत आखला. रविवार, सकाळी दहाची बोट, त्याआधी नाश्ता, दुपारी जेवायला घरी. कागदावर एकदम छान.

मी मावशींना म्हटलं, तुम्ही पण चला. त्या जिन्यात पायरीवर बसून मेथी निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "रविवारी तिथी कुठली?"

मी घरात जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघून आले. पंचमी.

"मग पाचाची पाऊणपट किती?"

पाचाची पाऊणपट पावणेचार.

"म्हणजे पावनेचारला भरती. मग दहाला पानी कुठं असनार? दहाला तुमची होडी चिखलात बसंल."

आणि मेथीची जुडी संपवता संपवता त्यांनी मला सगळं शिकवलं. तिथीला पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. साधारण त्या वेळेला भरती, दिवसाही आणि रात्रीही. भरतीच्या पुढेमागे सहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. पुनवेला आणि अवसेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. खाडीत आतपर्यंत यायला पाण्याला थोडा वेळ लागतो, तेवढा धरायचा. कोकण किनाऱ्यावर कुठल्याही कोळ्याला विचारा, हा हिशेब तोंडपाठ. श्रोतेहो, तुम्हीही लक्षात ठेवा, तिथीची पाऊणपट. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ.

मी सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी ऐरोलीच्या केंद्रात फोन लावला. तिथून उत्तर आलं, त्या रविवारी बोटी दुपारच्या आहेत, बोटींच्या वेळा रोज भरती बघून ठरतात, आणि जागा आधी राखून ठेवा. सेक्रेटरी स्वतः चौथ्या मजल्यावरून खाली मावशींच्या दाराशी आले आणि म्हणाले, "मावशी, आता सहल तुमच्या हिशेबाने." मावशी म्हणाल्या, "डबे घेऊन चला, तिकडं विकत काय खाऊ नका." हे मला शंभर टक्के पटतं. सहलीला घरचा डबाच हवा. एकाची पोळी, दुसऱ्याची भाजी, तिसऱ्याचं लोणचं असं ताटात पडल्याशिवाय शेजार होत नाही.

दुपारी जेवणं आटोपून, डब्यांत तिखटमिठाच्या पुऱ्या भरून आम्ही निघालो. ठाण्याहून वाशी लाइनची लोकल, ऐरोलीला उतरून रिक्षा. केंद्रावर लाइफ जॅकेटं मिळाली. मावशी म्हणाल्या, आमच्या होडीवर असलं काही नव्हतं, पण निमूटपणे घातलं आणि पोरांच्या जॅकेटांचे पट्टे स्वतः ओढून बघितले. बोटीत त्या पुढे बसल्या. आणि मग केंद्राचा माणूस एका बाजूने माहिती देतोय आणि मावशी दुसऱ्या बाजूने.

तो म्हणे, ही कांदळवनं. मावशी म्हणत, हे तिवर, याची मुळं बघ कशी चिखलातून वर बोटं काढून उभी आहेत, ती श्वास घेतात. किनाऱ्याच्या ओल्या चिखलावर काहीतरी टुणकन उडालं. मुलं ओरडली, बेडूक! मावशी म्हणाल्या, बेडूक नाही, निवटी. मासाच आहे, पण पाण्याबाहेर चिखलावर चालतो, डोळे बघ कसे डोक्यावर. लहानपणी आम्ही चिखलात हात घालून पकडायचो. पाचव्या मजल्यावरचा तो मुलगा उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि विचारायला लागला, जाळं कुठे लावायचात, चिंबोऱ्या कशा धरायच्या, ठाण्याच्या खाडीत तेव्हा मासळी किती मिळायची. मावशी सांगत होत्या, की मिठबंदरावर मासळी उतरायची, आणि भरतीच्या पाण्यात पोहायला आम्ही पोरं दिवसभर तिथेच असायचो.

पुलाच्या पुढे गेलो आणि नावाड्याने इंजिन मंद केलं. समोर उघड्या चिखलाचा लांब पट्टा आणि त्यावर रोहितांची रांग. पांढरे, फिकट गुलाबी, काही गडद. सगळे मान खाली घालून, चोच उलटी करून पाणी गाळत होते. त्यांचा गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीसारखे जीव त्यांच्या पोटात जातात त्यातून. पाणी जसं चढत होतं तसा पट्टा अरुंद होत होता आणि पक्षी एक एक पाऊल मागे सरकत होते. मग एक थवा उडाला आणि पंखांखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडा झाला.

मावशी काही बोलेनात. मी विचारलं, तर म्हणाल्या, "हे आमच्या वेळंला एवढं नव्हतं गं. आमच्या लहानपनी हितं बगळं. हे मी आज एवढ्या जवळून बघतेय." खाडी त्यांना पाठ, पण रोहितांचे थवे त्यांनीही पहिल्यांदाच बघितले, तेही आमच्याबरोबर आल्यामुळे. आणि आम्हाला त्यांच्यामुळे भरती कळली, तिवर कळलं, निवटी कळली. एकटे गेलो असतो तर फोटो काढून परत आलो असतो.

फोटोंवरून आठवलं. बोटीत निम्मा वेळ लोक मोबाइलच्या काचेतून पक्षी बघतात. मोबाइलमध्ये तो पक्षी एक गुलाबी ठिपका दिसतो. कुणाकडून तरी दुर्बीण मागून न्या, एक दुर्बीण सगळ्यांत फिरवा, आणि डोळ्यांनी बघा.

त्या रविवारनंतर आमच्या इमारतीत एक नवीन गोष्ट सुरू झाली. खाली सूचनाफलक आहे, त्यावर पाणी कधी येणार नाही, मीटर कधी तपासणार हे लिहिलेलं असतं. त्याच्या कोपऱ्यात आता मुलं रोज खडूने तिथी आणि भरतीची वेळ लिहितात. मावशी संध्याकाळी खाली उतरल्या की तपासतात. पाऊणपट चुकली असेल तर बोटाने पुसून दुरुस्त करतात. त्या निमित्ताने फलकापाशी चार माणसं थांबतात, आणि थांबली की बोलतात. सेक्रेटरींचे वडील, जे कुणाशी फारसे बोलत नसत, ते रोज सातला तिथे हजर असतात. पुढची सहल कुठे हे आता तिथेच ठरतं. मागे येऊरला गेलो ते असंच ठरलं.

येऊरबद्दल एक सांगायलाच हवं. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. तिथे बिबट्या राहतो, आदिवासी पाडे आहेत. तिथे सकाळी जावं, पायी जावं, हळू बोलावं. रात्री गाड्यांचे भोंगे आणि मोठमोठी गाणी वाजवत जे लोक वर जातात, त्यांचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांना जंगल दिसतच नाही, आणि जंगलातल्यांची झोप जाते. मौज करायची तर खाली गावात खूप जागा आहे.

ऐरोलीला जाणार असाल तर थोडक्यात सांगते. रोहित साधारण नोव्हेंबरपासून दिसू लागतात आणि पावसाआधी, मेअखेरीपर्यंत निघून जातात. जानेवारी ते एप्रिल उत्तम. जागा आधी राखून ठेवा, बोटीची वेळ फोन करून विचारा. टोपी न्या, पाणी न्या, प्लास्टिकचं काही खाडीत पडू देऊ नका. आणि एका तरी शेजाऱ्याला बरोबर न्या, शक्यतो अशा, ज्यांच्याशी तुमचं बोलणं लिफ्टमध्ये "बरं आहे ना" याच्या पुढे कधी गेलेलं नाही. आधी सोबत, मग ठिकाण.

रोहितांचा मोसम संपला असेल तर हातावर हात ठेवून बसू नका. नारळी पौर्णिमेला चेंदणी कोळीवाड्यातून मिरवणूक निघते, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ घेऊन खाडीवर जातात. कोळणी ठेवणीतली लुगडी नेसून नाचतात. मावशींनी यंदा आख्ख्या इमारतीला आवतण दिलंय, आणि वर बजावलंय, की नारळीभात त्यांच्या माहेरी खायचा, कुणी घरून जेवून यायचं नाही. पाचव्या मजल्यावरच्या मुलाने साताऱ्याहून आईलाही बोलावून घेतलंय.

तुमच्याही इमारतीत अशा कुणी मावशी, कुणी काका असतील. येत्या रविवारची तिथी कॅलेंडरमध्ये बघून ठेवा, तिची पाऊणपट काढा, आणि त्यांच्या दारावरची बेल वाजवा. नमस्कार.