ब्लॉकला वीट समजू नका

[लातूर जिल्हा, मे महिना. नांगरलेलं काळं रान, कडेला अर्धवट बांधलेलं घर.]

उन्हाळ्यात या काळ्या मातीला अशा भेगा पडतात की आत मनगट सहज जातं. पावसाळ्यात तीच माती फुगते आणि वर जे उभं असेल ते उचलते. म्हणून इथला जुना गवंडी पाया किती खोल घ्यायचा हे फुटांत सांगत नाही. "मुरूम लागेपर्यंत," एवढंच म्हणतो.

या भागात पूर्वी माळवदाची घरं होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचं जड छत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्या भिंती फुटल्या. आतल्या आणि बाहेरच्या दगडांना एकत्र धरणारं काही नव्हतंच. त्यानंतरच्या बांधकामात काँक्रीटचे आडवे पट्टे आले: जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या वर, छताखाली. पुढे सिमेंटचे ब्लॉकही आले. आता जो तो ब्लॉकच मागतो.

कारण सरळ आहे. ४०० बाय २०० बाय २०० मिलिमीटरचा एक ब्लॉक आठ मॉड्युलर, म्हणजे ठरावीक मापाच्या, विटांची जागा घेतो. काम भराभर वर चढतं, माल, म्हणजे सांध्यातलं सिमेंट-वाळूचं मिश्रण, कमी लागतो. अडचण एवढीच, की ब्लॉक रचणारे हात विटेवर तयार झालेले असतात.

[गवंडी ब्लॉकच्या थप्पीवर पाइपने पाणी सोडतो आहे.]

हे पाहा. वीट कोरडी लावली तर ती मालातलं पाणी शोषून घेते, म्हणून ती भिजवून वापरतात. तीच सवय इथे चालू आहे. पण ब्लॉक भिजला की किंचित फुगतो आणि वाळताना आकसतो. हे आकसणं थप्पीत झालं तर कुणाचं काही बिघडत नाही. भिंतीत झालं, तर दोन्ही बाजूंना कॉलममध्ये अडकलेली भिंत ताणली जाते आणि मधोमध उभी चिरते.

भारतीय मानक २१८५ यासाठीच सांगतं, की ब्लॉकला किमान १४ दिवस पाणी द्या आणि मग ४ आठवडे वाळू द्या. म्हणजे बनल्यापासून जवळपास दीड महिना. प्रत्यक्षात आठवड्याभराचा ओला ब्लॉक ट्रॅक्टरमधून उतरतो आणि दुपारी भिंतीत जातो. घेताना भाव विचारतो तसं ब्लॉक कधी पाडला हेही विचारावं. दोन ब्लॉक एकमेकांवर ठोकावेत, आवाज खणखणीत यायला हवा. खिळ्याने कोपरा खरवडला आणि भुगा पडला, तर गाडी परत पाठवावी. कडक उन्हात माल लावायची बाजू हाताने ओलसर केली की पुरे.

दुसरी सवय मालकाची. "मिस्त्री, सिमेंटला कमी करू नका." मिस्त्रीही मग एकास चारचा, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळूचा, माल कालवतो. ब्लॉकच्या भिंतीला एकास सहा पुरतं, आणि तेच बरं. भिंत थोडी हलणार, हे धरूनच चालायचं असतं. माल ब्लॉकपेक्षा नरम असेल तर बारीक भेग सांध्यात पडते आणि सांधा पुन्हा भरता येतो. माल कडक असेल तर ब्लॉकच दुभंगतो. जादा सिमेंटचे पैसे देऊन तडा विकत घेण्यासारखंच हे.

[पहिला थर. कोपऱ्यात ओळंबा, ताणलेली दोरी.]

पहिल्या थरावर मात्र जितका वेळ जाईल तितका जाऊ द्यावा. आधी कोपरे, मग दोरी. सांधा १० मिलिमीटरचा. वरच्या ब्लॉकचा मध्य खालच्या सांध्यावर. एकदा बसलेला ब्लॉक माल धरू लागल्यावर ठोकून सरळ करायचा नाही. काढायचा, माल खरवडायचा, नवा माल लावून बसवायचा. मिस्त्रीला हे आवडत नाही. पण हललेल्या ब्लॉकखाली बारीक फट राहते आणि आषाढात पाणी तीच शोधतं. एका दिवसात दीड मीटरच्या वर जाऊ नये.

कंपाउंडची लांब भिंत सलग ओढायची नाही. साधारण सहा मीटरवर पिलरपाशी उभी फट सोडावी. माथ्यावर कोपिंग, म्हणजे भिंतीचं झाकण, हवंच, दोन्ही बाजूंना पुढे आलेलं आणि खालून खाच असलेलं, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता बाहेर गळतं.

[दहा-बारा वर्षांची जुनी भिंत. कॅमेरा तड्यावरून सरकतो.]

तडा दिसला की गिलाव्याचं घमेलं उचलायची घाई नको. आधी तो वाचावा. सांध्यासांध्यांतून पायऱ्या उतरत गेलेला तडा पाया हलल्याचं सांगतो. ब्लॉक चिरत सरळ उभा गेलेला आकसण्याचा. स्लॅबच्या लगत आडवा असेल, तर तापलेला स्लॅब सरकतो आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहावी. एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्यावा. रेघ ओलांडली नसेल, तर तडा थांबला आहे.

थांबलेल्या तड्याचं काम सोपं असतं. सांधा दोन सेंटिमीटर खोल खरवडायचा, ब्रशने धूळ काढायची, ओलसर करून दर्जा भरायचा, म्हणजे सांध्यात माल दाबून बसवायचा. माल जुन्याच प्रमाणाचा. नुसत्या सिमेंटची पेस्ट भरली, तर तडा शेजारी नवी वाट काढतो. वाढत्या तड्याला भिंतीत औषध नाही. पायाजवळ साचणारं पाणी बघावं लागतं: गळणारी पागोळी, न्हाणीचं मोकळं सोडलेलं पाणी, भिंतीला टेकलेला मातीचा ढीग. एखाद्या इंजिनिअरला बोलवायची वेळही हीच.

जोत्यालगत पांढरा लोणा फुटला तर कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतला की क्षार पुन्हा आत मुरतात. ओलीवर ऑइलपेंट फासणारे बरेच भेटतात. पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात आणि दोष रंगाच्या कंपनीवर जातो.

[पुन्हा नवं घर. छताखालचा शेवटचा थर.]

इथली भिंत आता वरपर्यंत आली आहे. कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे जाळी ठोकली जाईल, कारण दोघांचं आकसणं वेगवेगळं. वायरिंगच्या खाचा कटरने पाडल्या जातील, छिन्नी-हातोड्याने नाही. मालकांना मृगाच्या आधी गिलावा हवा होता. मिस्त्रीने दिवाळीनंतरची तारीख दिली आहे, तोवर भिंत आकसून घेईल.